चौतीस गुणांचं दूध

यंत्रातून कागद बाहेर आला. छत्तीसपैकी चार.

मी यंत्राची काच पुसली, नवीन थेंब ठेवला आणि परत बटण दाबलं. पुन्हा चार. तिसऱ्यांदा लावणार होते, पण थेंब काचेवर न पडता टेबलावर पडला.

हे छत्तीसचं खूळ आमचंच. यंत्र आलं तेव्हा त्यावर शून्य ते शंभर असे आकडे होते. आमच्या दुग्धपेढीतल्या बायकांनी कंपनीच्या माणसाच्या मागे लागून ते छत्तीसवर आणून घेतले, कारण यंत्राचं काम पत्रिका जुळवण्याचंच होतं. एका बाजूला बाळाच्या पोटात सापडलेला जंतू, दुसऱ्या बाजूला कुणा बाईचं दूध. दोघांची गाठ घालून यंत्र गुण सांगतं. चोवीसच्या वर गुण आले तर ते दूध त्या बाळाला लागू पडतं. फरक एवढाच की इथे जितके गुण जास्त, तितकं जंतूचं वाटोळं.

मी विशाखा तायडे. पूर्णेकाठच्या आमच्या शहरात माईसाहेब देवतळे बालरुग्णालयाची दुग्धपेढी सोळा वर्षं सांभाळते. माझ्या पाठीमागे मला फिनेलबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे. वॉर्डाच्या भिंतीवर माझ्या अक्षरात लिहिलेले सहा नियम आहेत. डॉक्टर बदलले, ट्रस्टी बदलले, नियम कोणी बदलले नाहीत. त्यातला पहिला होता : ज्याचं वजन कमी, त्याला दूध आधी.

आणि ज्या बाळासाठी मी त्या सकाळी यंत्रापुढे उभी होते, ती माझी नात होती. माझी लेक ऋतुजा सत्ताविसाव्या आठवड्यात बाळंत झाली, पाठोपाठ तिला झटके आले. तिला बेशुद्धावस्थेत नागपूरला हलवलं, जावई तिच्याबरोबर गेले. तिची मुलगी हलवण्यासारखी नव्हती. आठशे वीस ग्रॅम, म्हणजे साखरेच्या किलोच्या पुडीपेक्षा हलकी. ती आमच्या वॉर्डात सहा नंबरच्या काचेच्या पेटीत होती, आणि तिच्या पोटात तो जंतू शिरला होता.

थोडं शास्त्र सांगायला हवं. दुधातली साखर आणि चरबी बाळाला वाढवते, पण काही प्रथिनं वाढवण्यासाठी नसतातच, ती राखणीला असतात. लॅक्टोफेरिन नावाचं एक प्रथिन जंतूच्या तोंडचं लोह काढून घेतं आणि त्याला उपाशी मारतं. दुसरी आहेत प्रतिपिंडं. ती एकेका जंतूला ओळखून त्याला धरून ठेवतात, आतड्याला चिकटू देत नाहीत. पूर्ण दिवसांचं बाळ शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातून थोडी शिदोरी घेऊन येतं. ही बाळं ती बांधायच्या आधीच निघून आलेली असतात. त्यांना दुधाशिवाय दुसरा आधार नसतो. म्हणून तर आम्ही दूध आता उकळत नाही. उकळलं की राखणदार मरतात. आम्ही ते प्रचंड दाबाखाली ठेवतो, जंतू चिरडले जातात आणि प्रथिनं टिकतात.

दोन आठवड्यांपूर्वी वॉर्डात एक नवा जंतू आला. अकरा औषधं देऊन झाली, त्याला काही फरक पडला नाही. नर्सेस त्याला पाहुणा म्हणायला लागल्या, कारण तो जायचं नाव घेत नव्हता. मी त्याच दिवशी आयांना वॉर्डबंदी करायला लावली. अंगणापलीकडच्या खोलीत धुतलेले गाऊन घालून बसायचं, दूध काढायचं आणि खिडकीतून आत द्यायचं. जंतू आईपर्यंत पोचायलाच नको, असं माझं गणित. डॉ. सपकाळ तरुण आहेत, माझ्या सोळा वर्षांपुढे ते काही बोलले नाहीत.

त्या सकाळी मी पेढीतल्या एकूण एक बाटल्या यंत्राला लावल्या. एकसष्ट बाटल्या. सगळ्यात जास्त गुण नऊ.

डॉ. सपकाळ दारात आले. "तायडेबाई, पोट फुगतंय तिचं. आतडं काळं पडायला लागलं तर मग काहीच करता येणार नाही. चार दिवस, फार तर पाच."

"तीन नंबरचं?"

"त्याचंही तसंच. तो तर सातशे साठचा आहे."

ते गेले. मी फ्रीझर उघडून तशीच उभी राहिले. गार वाफ तोंडावर येत होती आणि मला रडू येत होतं. तेव्हा खालच्या कप्प्यातला लाल ट्रे दिसला. नाकारलेल्या दुधाचे नमुने. दूध ओतून टाकलं तरी त्याचा एक चमचाभर नमुना सहा महिने ठेवायचा, हाही नियम माझाच. त्यात आठ कुप्या होत्या. टाकाऊ दूध कशाला तपासायचं, असं एरवी कोणी विचारलं असतं तर मीच खेकसले असते. पण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

पाचव्या कुपीला तेहेतीस गुण आले.

चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं. 'सुमेधा गवई, सफाई कर्मचारी. वॉर्डात वावर, म्हणून दूध अस्वच्छ. नाकारले.'

सगळं कोडं एका क्षणात सुटलं, आणि मला ते नको होतं. आईच्या पोटात जो जंतू जातो, त्याची ओळख आतड्यातल्या पेशींना पटते. त्या पेशी रक्तातून थेट स्तनात जाऊन बसतात आणि नेमकी त्याच जंतूवरची प्रतिपिंडं दुधात सोडतात. ज्या घरात आई राहते, त्या घराची खबर तिच्या दुधात असते. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून शिकवलं आहे. सुमेधा रोज वॉर्डाची फरशी पुसत होती, त्या हवेत श्वास घेत होती. पाहुण्याचा कोणी भाऊबंद इथे आधीपासून लपून होता, आणि तो आम्हांला कळायच्या कितीतरी आधी तिच्या शरीराला कळला होता. आणि मी वॉर्डातल्या सगळ्या आयांना अंगणापलीकडे स्वच्छ ठेवलं होतं. त्यांच्या दुधाला पाहुण्याची गंधवार्ता नव्हती.

सुमेधा जिन्याखाली फडकी पिळत होती. तीस-बत्तीसची, बारीक अंगाची, माझ्याच गावाकडची. दोन महिन्यांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर ती मोठ्या हौसेने बाटली घेऊन माझ्याकडे आली होती. म्हणाली होती, लेकरू पिऊनही दूध उरते. मी तिच्यादेखत ती बाटली मोरीत ओतली होती.

"सुमेधा, तुझं दूध हवंय," मी म्हटलं. "आत्ता. जितकं असेल तितकं."

ती फडकं हातात घेऊन उभी राहिली. "कुठचं दूध, मॅडम?"

"तुझं. बाळाला पाजतेस ना?"

"तुमीच तं सांगतलं होतं, पाजू नको म्हून."

"मी?"

"त्याच दिशी. बाटली ओतली आन् म्हने, वॉर्डाचे जंतू तुह्या अंगावर हायेत, घरच्या लेकराले कशाले पाजतं? डब्याचं दे. तुमी एवढ्या शिकलेल्या. म्या छाती बांधली तीन दिवस. ताप आलता मले." ती शांतपणे सांगत होती, आणि तेच सहन होत नव्हतं. "यश तवापासून हगून हगून वाळला. आठ महिन्याचा हाये, पाच महिन्याचा वाटते. आटलं दूध, मॅडम."

मला ते वाक्य बोलल्याचं आठवतही नव्हतं. दिवसभरात मी अशी पन्नास वाक्यं बोलते. मी तिचे ओले हात धरले आणि जिन्याखालीच रडायला लागले. नातीचं सांगितलं, गुणांचं सांगितलं, माझी चूक सांगितली. ज्या बाईला मी इतक्या वर्षांत कधी बस म्हटलं नव्हतं, तिच्यापुढे मी पदर पसरला.

तिने हात सोडवून घेतले.

"येते का परत, आटलेलं?" तिने विचारलं.

"येतं कधी कधी. बाळाला दर दोन तासांनी लावायचं, मधे पंप लावायचा. चार दिवसांत थेंब दिसू शकतात."

"मंग यशले आनते. तुमच्या नातीसाठी नाई म्हनत मी. आलं तं माह्या लेकराले बी होईन." फडकं बादलीत टाकून ती म्हणाली, "पन फरशी कोन पुसन?"

फरशी मी पुसली. पाच दिवस, रोज तीन वेळा. पेढीच्या प्रमुख बाई गुडघ्यावर बसून फडकं मारताहेत हे बघायला वरच्या मजल्यावरच्या नर्सेस येऊन गेल्या. वॉर्डाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून सुमेधा यशला छातीशी धरून बसली. तो बाटलीला सोकावलेला, तोंड फिरवून किंचाळायचा. ती त्याला थोपटायची, पुन्हा लावायची, तो पुन्हा किंचाळायचा. मग ती पंप लावायची आणि कोरड्या बाटलीकडे बघत बसायची.

आयांवरची बंदी मी त्याच दुपारी उठवायला लावली. तीन नंबरच्या मुलाची आई, पल्लवी काळमेघ, पळतच आत आली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. दोन आठवड्यांत तिने पोराला हात लावला नव्हता. नर्सने नळ्या सांभाळत बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं तेव्हा ती हुंदका आवरत हसली आणि भोवती बघून म्हणाली, "किती गरम हाये हो!" ती तशीच बसून राहिली. दिवसभर त्याचं डोकं हुंगत होती. तिला सांगायची गरज नव्हती, पण मला ठाऊक होतं, तिचं दूध आता शिकतंय. पाच दिवस लागतात शिकायला.

तिने मला विचारलं, "मॅडम, त्या ताईचं दूध माह्या बाळाले भेटीन का?"

"येऊ दे आधी. नियमाप्रमाणे मिळेल," मी म्हटलं.

पहिला नियम भिंतीवर होता. पल्लवीच्या डोक्याच्या बरोबर वर.

तिसऱ्या दिवशी दुपारी यशने धरलं. कसं काय कोण जाणे, किंचाळून दमला असेल, पण त्याने धरलं आणि ओढायला लागला. सुमेधाने डोळे मिटले. अर्ध्या तासाने पंपाच्या नळीत पांढरी रेघ दिसली. संध्याकाळपर्यंत चार मिलीलिटर. मी थेंब यंत्राला लावला. एकतीस गुण.

आता ऐका. या दुधाचा गुण यायला बाळाला दिवसाला निदान चार मिलीलिटर लागतं, सलग पाच दिवस. त्याहून कमी दिलं तर जंतूवर पकडच बसत नाही. दोघांत अर्धं अर्धं केलं तर दोघंही जातात. हे मी हजारदा तपासलेलं आहे, त्या संध्याकाळीही कागदावर मांडून पाहिलं. चार मिलीलिटर, एक बाळ.

सातशे साठ. आठशे वीस.

सुमेधाने पिचकारी माझ्या हातात दिली. रोज ती भिंत पुसणारी तीच, तिला नियम पाठ होते. "कोनाले देसान?" तिने हळूच विचारलं.

मी स्वतःला समजावत होते. त्या मुलाला आई आहे, आईचं दूध दोन दिवसांत शिकेल. माझ्या पोरीला कोण आहे? तिची आई नागपूरला नळ्यांत पडली आहे, तिच्या दुधात औषधं आहेत. त्या मुलाला दोन दिवस तर काढायचे आहेत. हे सगळं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मी ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण खरं सांगायचं तर मला माझी नात हवी होती. दुसऱ्या कुणाचंही काहीही झालं तरी हवी होती.

मी सहा नंबरची पेटी उघडली. कापसाची काडी भिजवून तिच्या गालाच्या आत फिरवली, उरलेलं थेंब थेंब नळीतून सोडलं. तिची जीभ हलली. त्या क्षणी मी जितकी सुखी होते तितकी आयुष्यात कधी झाले नाही, आणि ते मला लपवता येत नाही.

चौथ्या दिवशी पाच मिलीलिटर आलं, पाचव्या दिवशी सहा. दोघांना पुरेल असं नव्हतंच. नातीचं पोट उतरायला लागलं. डॉ. सपकाळांनी विचारलं, वाटप नियमाप्रमाणे चाललंय ना? मी हो म्हटलं. सोळा वर्षांत मला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी अडीचला पल्लवीचा मुलगा गेला. तिच्या छातीवरच गेला. तिला वाटलं झोपला, म्हणून तिने नर्सला खुणेनं गप्प राहायला सांगितलं.

सहाव्या दिवशी सुमेधाने पिचकारी दिली ती अर्धीच होती. दोन मिलीलिटर. यश आता सोडतच नव्हता, त्याच्या गालांवर तेवढ्यातच तजेला आला होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आता माह्या लेकराले पुरू द्या, मॅडम. याच्या वाटचं म्या दोन महिने तुमचं ऐकूनच घालवलं." तिचं खरं होतं. पण नातीचे अजून दोन दिवस राहिले होते. पाचाच्या जागी तीनच दिवस झाले, तर पाहुणा परत डोकं वर काढणार, दुप्पट जोराने. वॉर्डातल्या बाकी आयांचं दूध त्या सकाळीही चोवीसच्या खालीच होतं. मी पिचकारी घेऊन पेढीत आले आणि पुन्हा पहिल्या सकाळसारखी फ्रीझरपुढे उभी राहिले.

दारावर टकटक झाली. पल्लवी होती. घरी जायला निघालेली, अंगावर बाहेरची साडी, हातात पिशवी. ब्लाउज पुढून ओला झाला होता. तिने पिशवीतून बाटली काढली. जवळजवळ भरलेली.

"थांबतच नाई, मॅडम," ती म्हणाली. "सासूबाई म्हने, बांधून घे. पन म्या म्हटलं, दवाखान्यात कोनाले तरी लागत असन. वाया नका घालू."

मी बाटली घेतली. घ्यायला नको होती असं कोणी म्हणेल. मी घेतली. थेंब यंत्राला लावला, ती उभीच होती. कागद बाहेर आला.

छत्तीसपैकी चौतीस. एवढे गुण मी त्या यंत्रावर कधी पाहिले नव्हते.

"चांगलं हाये का?" तिने विचारलं.

"खूप चांगलं आहे," मी म्हटलं.

"ज्या लेकराले द्याल ना, त्याले मले एकदा पाहू द्या. लांबून पाहीन. हात बी नाई लावत."

नियम तसा नव्हता. दूध कुणाचं, कुणाला, हे दोन्हीकडे सांगायचं नाही, हा पाचवा नियम. तो तिच्या तोंडावर फेकायला माझ्या जिभेवर आलाच होता. जिन्यापाशी सुमेधा फरशी पुसत होती, आज ती कामावर परत आली होती. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

"चल," मी पल्लवीला म्हटलं.

मी तिला सहा नंबरच्या पेटीपाशी नेलं. तिचे हात धुतले, माझ्या हाताने, आणि पेटीच्या गोल झरोक्यातून तिचं बोट आत नेलं. नातीने ते धरलं. पल्लवी वाकून बघत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती हसतही होती.

"पोरगी हाये? कोनाची हो?"

"माझी," मी म्हटलं. "माझ्या लेकीची."

पेटीच्या दांडीला वजनाची पाटी लटकत असते. पल्लवीने ती वाचली. आठशे वीस. तिने वर बघितलं. समोर भिंत होती, भिंतीवर माझं सुंदर, सुवाच्य अक्षर. ती बारावी शिकलेली होती. तिने पहिली ओळ वाचली आणि पुन्हा पाटीकडे बघितलं. मग तीन नंबरच्या पेटीकडे बघितलं. ती रिकामी होती, सकाळीच धुऊन ठेवलेली.

"माह्या लेकराचं सातशे साठ होतं," ती म्हणाली.

पाया पडावंसं वाटत होतं. बाटली माझ्या हातात होती. तिने ती आपटली असती, तर मी काय म्हणणार होते? मी तर वाट बघत होते तिच्या ओरडण्याची.

ती ओरडली नाही. नातीने तिचं बोट अजून सोडलं नव्हतं, आणि तिनेही ते ओढून घेतलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे एकदाही न बघता.

मग दुसऱ्या हाताने तिने डोळे पुसले.

"पाजा तिले," ती म्हणाली. "थंड होऊन रायलं."